विंचेस्टर ९४ : आजोबांकडून आलेली रायफल

अमेरिकेत गावाकडच्या घरात आजोबांमागे लिव्हरची जुनी रायफल निघाली, तर ती बहुधा विंचेस्टर ९४ असते. अशा सत्तर लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे किंमत ऐकून वारसदार बऱ्याचदा हिरमुसतात. तिचं कूळ मात्र ऐकण्यासारखं आहे.

मूळ पुरुष चक्क शर्ट शिवून घेणारा. न्यू हेवनमधल्या ऑलिव्हर विंचेस्टरने व्होल्कॅनिक या शस्त्र कंपनीत पैसे घातले, ती डबघाईला आली आणि त्याच्याच गळ्यात पडली. त्याच्याकडच्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये १६ काडतुसं मावणाऱ्या रायफलीचं पेटंट घेतलं. अमेरिकेच्या यादवी युद्धातले बहुतेक शिपाई तेव्हा नळीच्या तोंडातून एकेक गोळी ठासत होते. हेन्रीच्या रायफलीत चापाखालची तरफ पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडे, मागे ओढली की नवं आत जाई. खोट एकच : नळीखालच्या मॅगझीनला, म्हणजे काडतुसं साठवायच्या लांब पोकळीला, उघडी खाच होती, तिच्यात माती शिरायची. विंचेस्टरच्या १८६६ च्या मॉडेलमध्ये खाच गेली आणि काडतुसं भरायला बाजूला झडप आली.

पुढे १८७३ च्या मॉडेलला कंपनीने ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ म्हणून मिरवलं. जाहिरातच ती. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला अमेरिकी सैन्य आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यात लढाई झाली, तेव्हा हेन्री आणि विंचेस्टर होत्या मूळ रहिवाशांच्या लकोटा-शायेन योद्ध्यांकडे. अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी स्प्रिंगफील्ड.

९४ म्हणजे १८९४ चं मॉडेल; त्याची रचना युटामधल्या जॉन ब्राउनिंगची. तोवरच्या रायफली काळ्या दारूच्या. १८९५ मध्ये ९४ साठी धूर न करणाऱ्या दारूचं काडतूस आलं, तेच पुढे थर्टी-थर्टी म्हणून घरोघरी पोचलं. त्याचा जोर सोसायला नळी निकेल-पोलादाची करावी लागली. गोळीचं टोक मात्र बोथटच राहिलं, कारण मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात आणि अणकुचीदार टोक पुढच्याच्या बुडावरच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर आपटलं तर ते आतच उडू शकतं. हरणाच्या शिकारीला हलकी आणि खोगिराला लावायला सुटसुटीत असल्याने ती खपतच गेली. दहा लाखावी १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली.

वारसाला दोन सालं ठाऊक हवीत. १८९८ किंवा त्याआधी घडवलेली बंदूक अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पुराणवस्तू ठरते. आणि १९६४ मध्ये खर्च वाचवायला कंपनीने घडणीत बदल केले, म्हणून संग्राहक आजही ‘चौसष्टपूर्वीची’ शोधतात. माझ्या मते कंपनीने आपल्या नावाला लावलेला हा सगळ्यात महागडा बट्टा.

सर्वात मोठी चूक होते ती कौतुकापोटी. पोलादावरचा उडालेला निळसर मुलामा, दस्त्यावरचे ओरखडे पाहून लोक रायफल घासूनपुसून नवी करतात आणि मूळचा मुलामा घालवून किंमत उतरवून ठेवतात. २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकलेली एक १८७३ सापडली : दस्ता भेगाळलेला, लोखंड गंजलेलं. वायोमिंगमधल्या कोडीच्या शस्त्रसंग्रहालयात तिला नवं रूप न देता लाकडाची झीज तेवढी थांबवली. कारखान्याच्या जुन्या नोंदींतून तिचं साल निघालं, १८८२. विकत घेणाऱ्याचं नाव त्यांत नव्हतं.