दहा फुटी हॉल, पंचावन्न इंची पडदा

२०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर सोडून चाळीस हजारांचा सेट ५१,२०० ऐवजी ४७,२०० रुपयांत बसू लागला. ठाण्याच्या गोखले रोडवर काय किंवा वाशीच्या बाजारात काय, दसऱ्याच्या खरेदीला एवढं निमित्त पुरतं.

एवढा मोठा टीव्ही आणून घरात बघतात काय, हा मात्र वेगळा प्रश्न. मालिका आजीची, क्रिकेट बाबांचं, मुलांच्या हातात मोबाइल. तिन्ही पिढ्या एका सोफ्यावर दोन तास टिकतात त्या ॲनिमेशनपटापुढे. ही जोडी आज इतकी सवयीची झाली आहे की पडदा आणि कार्टून कित्येक वर्षं एकमेकांना पुरे पडत नव्हते, हे विसरायला होतं.

आपल्याकडचं ॲनिमेशन टीव्हीपेक्षा कितीतरी जुनं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून छोटा चित्रपट केला होता. पुढे १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला आणि तिथे शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन त्याच विभागात तयार झाले. याच परंपरेतला, विजया मुळे आणि भीमसैन यांचा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा ॲनिमेशनपट १९७४ चा. चाळिशी-पन्नाशीतल्या कोणाही मुंबईकराला तो आठवतो.

फक्त तो बनला रंगीत आणि टीव्हीवर दिसला करडा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रंग आला तो दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. तोवर ठाण्याच्या गच्च्यांवरचे अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे असायचे, टीव्हीचा परवाना पोस्टातून काढावा लागायचा आणि ‘किलबिल’ या मुलांच्या कार्यक्रमाला ज्याच्या घरी सेट त्याच्या घरी वाडीतली पोरं गोळा व्हायची.

रंगीत टीव्हीच्या धंद्यात ठाणे जिल्ह्याचाही वाटा आहे. जाहिरातीत शिंगवाला सैतान दाखवणारी ओनिडा ही १९८१ ची टीव्ही कंपनी. तिचा कारखाना वाड्याजवळ कुडूसला. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो, पण २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता.

रंग आले तरी कार्टूनचं नशीब फारसं उघडलं नाही. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी यायचा, रंगाचा मात्र फारच कमी. माणसाच्या चेहऱ्यावर हे खपून जातं. कार्टूनमध्ये सपाट लाल रंग आणि त्याला काळी रेघ असते, तिथे लाल रंग रेघेबाहेर सांडलेला दिसतो. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी लागणारी जपानी बनावटीची ‘जंगल बुक’ मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल लख्ख आठवते. मोगलीच्या लाल लंगोटीची कड कुठे संपत होती ते विचारून पाहा! त्यानंतर केबल घरोघर गेली, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, दिवसभर कार्टून मिळू लागलं. पण एका वायरला फाटे फोडत केबलवाला सगळी इमारत जोडायचा आणि शेवटच्या घरात चित्रापेक्षा मुंग्या जास्त. दर्जाच्या बाबतीत केबलने आपल्याला काही वर्षं मागेच नेलं, असं माझं मत आहे.

टीव्हीचा आकार वाढेना त्याला पैशाइतकीच जागाही कारण होती. वर्तकनगरची म्हाडाची घरं घ्या, नाहीतर वाशीतल्या सिडकोच्या जेएन टाइप इमारती. हॉल जेमतेम दहा फूट. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला मागे दीड-दोन फुटांची पाठ. २९ इंची सेट चाळीस किलोच्या आसपास, उचलायला दोन माणसं लागत. शिवाय सुतार शोकेस करायचा तो २१ इंचाचं माप घेऊन. मध्ये टीव्हीचा चौकोन, बाजूला काचेमागे कपबशा, खाली व्हीसीआरचा कप्पा. पुढची पंधरा वर्षं घरात किती इंची टीव्ही येणार, हे त्या प्लायवूडनेच ठरवून टाकलेलं असे.

ही कोंडी फोडली सपाट पडद्याने. टीव्ही भिंतीवर गेला आणि शोकेस भंगारात. सुरुवातीला एलसीडी इथे महाग, म्हणून दुबई-बँकॉकहून येणारी मंडळी सामानात टीव्हीचं खोकं घालून आणायची. २६ ऑगस्ट २०१३ पासून अशा टीव्हीवरची सवलत बंद होऊन सरसकट सीमाशुल्क लागू झालं आणि ती गंमत संपली. ३० जुलै २०२० पासून तर तयार रंगीत टीव्ही आयात करायलाच परवाना लागतो. आता पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, बहुतांशी बाहेरून येतं, जुळणी इथे होते.

टीव्ही सपाट झाला म्हणून चित्र लगेच सुधारलं नाही. उलट काही वर्षं ते बिघडलंच. जुनं चार-बाय-तीनचं प्रक्षेपण रुंद पडद्यावर ताणल्यामुळे सगळी पात्रं जाडी झाली होती. २००५ मध्ये ‘हनुमान’ गाजला, नंतर मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांत विकायला काढल्या. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ते ४० इंचांवर लावलं की मारुतीरायाच्या गदेला पायऱ्या दिसायच्या. पडद्याच्या तोलाचं चित्र मिळू लागलं ते २०१६ पासून. त्या वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ. जिओचा कारभार चालतो घणसोलीतून, तेव्हा या बदलाचं एक टोक नवी मुंबईतच आहे. लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद पडल्यावर हॉललाच थिएटर करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दुकानात मात्र आजही आधी इंच आणि ‘फोर के’, म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके, ऐकवतात. संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, १९९५ चा ‘टॉय स्टोरी’, मुळात तयार झाला १५३६ बाय ९२२ ठिपक्यांत. त्यानंतरचेही कितीतरी ॲनिमेशनपट दोन के च्या आसपास बनवून वर ताणलेले आहेत. त्यांना फोर के पडद्याचा खरा फायदा होतो तो ठिपक्यांपेक्षा रंग आणि काळोखाचा. रात्रीच्या प्रसंगात काळं खरंच काळं दिसलं पाहिजे. ओलेड प्रकारच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः विझू शकतो, म्हणून तिथे ते जमतं. स्वस्त एलईडीत मागचा दिवा झिरपून आकाश राखाडी होतं. आठ फुटांवर सोफा असेल तर ५५ इंच भरपूर झाले. उरलेले पैसे ६५ इंचांवर घालण्यापेक्षा चांगल्या पॅनलवर घातलेले बरे.

आणखी एक खोड सेट घरी आल्यावर काढायची असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एकच चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या अकलेने भरून हालचाल गुळगुळीत करू पाहतो. चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला झटका त्यात जातो आणि धावणाऱ्या पात्राच्या हातापायांभोवती फिकट वलय उमटतं. मेनूत ‘मोशन’ शब्द असलेला पर्याय शोधून तो बंद करावा. २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ हेच काम एका बटणात करतो.

प्रेक्षक तर आहेतच. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने भारतीय ॲनिमेशनपटांत कमाईचा विक्रम केला. पण घरी रिमोटवर भाषेची यादी उघडली की इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू हमखास सापडतात, मराठी क्वचितच. त्यामुळे नौपाड्यातल्या हॉलमध्ये नातवंडं हिंदीत हसतात आणि आजीला विनोद मराठीत समजावून सांगावा लागतो, तोवर पुढचा निघून गेलेला असतो.