बल्ब स्वतःला आवरतो, एलईडी आवरत नाही

पिनबॉल म्हणजे उतरत्या पाटावर पोलादी गोळी उडवत खेळायचं यंत्र. संगणकाच्या पडद्यावर चालणारा त्याचा अवतार म्हणजे व्हर्च्युअल पिनबॉल. घरी त्याचं कॅबिनेट बांधणाऱ्याच्या टेबलावर चांदणीच्या आकाराची ॲल्युमिनियमची चकती हमखास सापडते. नाण्याएवढी असते. मध्ये पारदर्शक फुगीर थेंब आणि त्याच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे 3 एलईडी, प्रत्येकी साधारण 1 वॅटचा. कॅबिनेटमध्ये खऱ्या खेळपाटाऐवजी टीव्ही आडवा ठेवलेला असतो आणि त्याच्या मागच्या कडेला अशा 5 चकत्या ओळीनं बसवतात. गोळी रॅम्पवर चढली की या चकत्या असा लखलखाट करतात की खोलीच्या भिंती उजळतात. "पाचच तर व्होल्ट आहेत, त्यात काय होणार?" असं म्हणत बरेच जण वायरी जोडायला घेतात. काय होतं हे समजून घ्यायचं तर ज्या बल्बची जागा या चकतीनं घेतली, त्याची गोष्ट आधी सांगायला हवी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेल्या लाकडी फळीवर बॅगाटेल खेळलेल्यांना पिनबॉलचा पूर्वज वेगळा दाखवायला नको. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 मध्ये त्या फळीला स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतलं. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांचा 'बॅफल बॉल' दुकानादुकानांतून पोचला, पण त्यात वीज नव्हती. ती आणली हॅरी विल्यम्स यांनी, 1933 च्या 'काँटॅक्ट' या यंत्रात, तीही कोरड्या बॅटऱ्यांवर. पुढे ट्रान्सफॉर्मर आला, काचेमागे दिवे आले, आणि 1947 मध्ये 'हम्प्टी डम्प्टी'त फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर मारणारे दांडे, आले. दिव्यांची पद्धत मात्र अनेक दशकं तीच राहिली: 6.3 व्होल्टचे छोटे बल्ब, एकाला एक समांतर जोडलेले.

या बल्बचा एक गुण फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दहापटीहून अधिक वाढतो. म्हणजे प्रवाह वाढायला लागला की बल्बच त्याला अडवतो. वायरिंग करणाऱ्यानं व्होल्टेज बरोबर दिलं की त्याचं काम संपलं. म्हणूनच जुन्या यंत्रांच्या नकाशात नेहमीच्या प्रत्येक दिव्याशेजारी रेझिस्टर, म्हणजे प्रवाह रोखणारा भाग, शोधून सापडणार नाही.

उलट अडचण थंड बल्बची असायची. गार तारेचा रोध कमी, त्यामुळे पेटताक्षणी प्रवाहाचा जोरदार झटका बसतो. 1980 च्या दशकातल्या विल्यम्स कंपनीच्या काही यंत्रांत क्षणभर लखलखणाऱ्या मोठ्या फ्लॅशर बल्बांसाठी खास रेझिस्टर बसवलेले आढळतात. बल्ब विझलेला असतानाही ते त्यातून किंचित प्रवाह सोडत राहतात, एवढाच की तार कोमट राहावी, दिसण्याइतकी पेटू नये. मला त्या काळच्या कारागिरीतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. दिवा जपायचा तर आधी त्याचा स्वभाव ओळखायला हवा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरीही जळायचं ते जळायचंच. विल्यम्सच्या 1990 च्या दशकातल्या यंत्रांमध्ये सर्वसाधारण उजेडाचे बल्ब 5 साखळ्यांत विभागलेले असत आणि प्रत्येक साखळीला 5 अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज असे. 44 नंबरचा बल्ब 0.25 अँपिअर घेतो, 47 नंबरचा 0.15. एका साखळीत 44 नंबरचे 18 बल्ब धरले तर 4.5 अँपिअर एका कनेक्टरमधून तासन्‌तास वाहतात. पिना सैल झाल्या की तिथं उष्णता साठते. अशा यंत्रांचे करपून तपकिरी झालेले कनेक्टर दुरुस्ती करणाऱ्यांना नवे नाहीत. त्यावर त्यांनी काढलेला साधा उपाय म्हणजे सगळीकडे 47 नंबरचे बल्ब लावायचे. तेच 18 बल्ब मग 2.7 अँपिअरवर येतात.

विल्यम्सनं 1999 मध्ये पिनबॉल बंद केलं. 2000 साली संगणकावर पिनबॉल खेळवणारं रँडी डेव्हिस यांचं 'व्हिज्युअल पिनबॉल' आलं आणि जुन्या यंत्रांच्या रॉम या स्मृती-चिपमधला मूळ प्रोग्राम चालवणारं 'पिनमेम' त्याला जोडलं गेलं. इथं खरी कलाटणी मिळाली. मूळ प्रोग्राम आजही त्याच आज्ञा देतो: अमुक कॉइल (विद्युतचुंबकाची गुंडाळी) ओढ, तमुक फ्लॅशर पेटव. समोर बल्ब नाही, पण आज्ञा आहे. 'एलईडी-विझ'सारख्या बोर्डांनी ती आज्ञा यूएसबीतून बाहेर काढली आणि लोकांनी तिच्या टोकाला चांदणीवाली चकती लावली. तेव्हा निळा एलईडी बाजारात येऊन जेमतेम दशक उलटत होतं. शुजी नाकामुरा यांचं त्यावरचं काम 1993 मध्ये गाजलं, आणि निळा एलईडी नसता तर रंगीत लखलखाट झालाच नसता.

एलईडीचा स्वभाव बल्बच्या अगदी उलटा आहे. तो तापला की तेवढाच प्रवाह जायला कमी व्होल्टेज पुरतं. व्होल्टेज तेच राहिलं तर प्रवाह वाढतो, त्यानं तो आणखी तापतो, आणि हे चक्र जळेपर्यंत थांबत नाही. म्हणजे बल्ब जे काम स्वतः करायचा, ते आता बांधणाऱ्याच्या हातात आलं आहे.

आकडे फार अवघड नाहीत. लाल एलईडीला 350 मिलिअँपिअरला साधारण 2.2 व्होल्ट लागतात. 5 व्होल्टमधले उरलेले 2.8 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणून 8 ओहम लागतात. बाजारात 8.2 मिळतो. त्यावर जवळजवळ 1 वॅट उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचा नेहमीचा रेझिस्टर काळा पडून धूर सोडतो. इथं 2 वॅटचाच घ्यावा. हिरव्या-निळ्याला सुमारे 3.3 व्होल्ट लागतात, तिथं 5.1 ओहम पुरतो. तिन्ही रंगांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह सोडून द्या. लालला कमी व्होल्टेज पुरतं, तो सगळा प्रवाह आपल्याकडे ओढतो आणि पांढऱ्याऐवजी लालच दिसतो. चकतीखाली उष्णता शोषून घेणारा धातूचा तुकडा, म्हणजे हीटसिंक, हवाच. एलईडी-विझच्या एका पोर्टची मर्यादा 500 मिलिअँपिअर, म्हणजे एका पोर्टवर एकच रंग. दोन चकत्या एकत्र जोडायच्या तर मध्ये ट्रान्झिस्टर हवा.

आता त्या "पाचच व्होल्ट"कडे वळू. एवढ्यानं झटका बसत नाही हे खरं, पण संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, 5 व्होल्टच्या लाइनवर 20 अँपिअर सहज देतो आणि शॉर्ट झाला तरी लगेच बंद होईलच असं नाही. 0.33 चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरमधून 20 अँपिअर गेले तर दर मीटरला 20 वॅटहून जास्त उष्णता होते. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याचीच असते. आवरण मऊ पडून वितळतं, आणि भोवती प्लायवूड असतं. पाचही चकत्या पूर्ण पांढऱ्या पेटल्या तर 5.25 अँपिअर होतात, म्हणून त्या फांदीच्या अगदी सुरुवातीला, एसएमपीएसला लागून, गाडीत असतो तसा 7.5 अँपिअरचा फ्यूज घालावा. विल्यम्सवाले प्रत्येक साखळीला वेगळा फ्यूज देत, तो याचसाठी.

शेवटची गोष्ट अर्थिंगची. खऱ्या यंत्राच्या कॅबिनेटमध्ये आतून विणलेली तांब्याची उघडी पट्टी स्टेपल केलेली असते. पाय, बाजूच्या पट्ट्या, नाण्याचं दार, सगळं धातूकाम ती एकत्र बांधते आणि थ्री-पिन प्लगच्या अर्थपर्यंत नेते. तिकडे 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. आणि खेळणाऱ्याचे दोन्ही हात सतत त्याच धातूवर टेकलेले असतात. कुणाला जुनं रिकामं कॅबिनेट मिळालं तर साफसफाईत ही पट्टी उपटू नये. स्टेपल घट्ट करून तिचं टोक एसएमपीएसच्या धातूच्या डब्याला आणि भिंतीतल्या अर्थला जोडावं, मग मल्टिमीटर लावून पायापासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत बीप वाजतो का ते पाहावं. पहिली चकती त्यानंतरच पेटवावी.