हायड्राडेनायटिस सपुराटिवा : शस्त्रक्रिया

काख, जांघ, स्तनांखालची घडी, नितंब अशा घासल्या जाणाऱ्या जागी वारंवार गाठी येऊन पू वाहणारा, दीर्घकाळ चालणारा दाहजन्य त्वचारोग. साधी काखमांजरी फुटली, निचरा झाला की सहसा विषय संपतो. या रोगात त्याच भागात पुन्हा पुन्हा गाठी येतात. फ्रेंच शल्यविशारद व्हेर्नय यांनी 1854 च्या सुमारास तो घर्मग्रंथींचा विकार मानला आणि नावही तसेच रूढ झाले (हायड्राडेनायटिस म्हणजे घामाच्या ग्रंथींचा दाह). प्रत्यक्षात सुरुवात रोमकूपापासून, म्हणजे केस उगवतो त्या त्वचेतल्या नळीपासून होते. त्याचे तोंड बुजते, तो त्वचेच्या आत फुटतो आणि दाह पसरत जाऊन त्वचेखाली भुयारे बनतात. या भुयारांना आतून त्वचेसारखे अस्तर येते, म्हणून केवळ औषधांनी ती सहसा बुजत नाहीत. शस्त्रक्रिया लागते ती यासाठी.

सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत कमी उपयोगाची कृती म्हणजे चीर देऊन पू काढणे. असह्य ठणका तिने तात्पुरता थांबतो, पण अस्तर आतच राहिल्याने गाठ बहुधा परत येते. निदान व्हायला अनेकांची कित्येक वर्षे जातात, तोवर नशिबी याच चिरा येतात.

मोजकी भुयारे असतील तर ‘डीरूफिंग’ करतात. जागा बधिर करून भुयारात बोथट सळई घालतात, तिच्या अंदाजाने वरचे छत कापून काढतात, आतला बुळबुळीत थर खरवडतात आणि जखम न शिवता तळापासून भरू देतात. नेदरलँड्समधील 2010 च्या एका अभ्यासात अशा 88 जागांपैकी 17 टक्के ठिकाणी रोग परतला.

भुयारे एकमेकांना मिळून सगळा भाग व्यापला असेल (रोगाची तीव्रता तीन टप्प्यांत मोजणाऱ्या हर्ली वर्गवारीतील तिसरा टप्पा), तर रोगट त्वचा चरबीसकट रुंद कापावी लागते. ती पोकळी उघडी ठेवतात, त्वचारोपण करतात किंवा शेजारची त्वचा फ्लॅप म्हणून फिरवून झाकतात. काखेतला वण आकसला तर हात वर जात नाही, त्यामुळे व्यायाम लवकर सुरू करायला हवा.

ऑपरेशनने तेवढी जागा बरी होते, रोगाची प्रवृत्ती जात नाही. म्हणून अडॅलिमुमॅबसारखी जैविक औषधे (दाह घडवणारे शरीरातले घटक रोखणारी इंजेक्शने) आणि धूम्रपान सोडणे हेही उपचारातच येते. नितंब व गुदद्वाराभोवतालच्या जुन्या जखमांत क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवतो. तिथून काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवलाच पाहिजे.