झाडीखाली दडलेले हेझल क्रीक

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वताच्या दक्षिण उतारावरून हेझल क्रीक नावाचा ओढा वाहतो. १९१० ते १९२८ या काळात डब्ल्यू. एम. रिटर लंबर कंपनीने त्याच्या खोऱ्यातील जुने वृक्ष तोडून रेल्वेने बाहेर नेले आणि प्रॉक्टर ही छोटी वस्ती भरभराटीला आली. पुढे फोंताना धरणाच्या जलाशयात बाहेर जाणारा रस्ता बुडाला आणि १९४४ पर्यंत उरलेल्या कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. आज तेथे पुन्हा दाट जंगल आहे.

असे गाव संगणकावर उभे करायचे तर पहिला आधार लायडारचा. विमानातून सोडलेल्या लेसर स्पंदांपैकी बरेचसे पानांवरूनच परततात, पण काही फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. परतीच्या वेळेवरून अंतरे काढून झाडांचे बिंदू गाळले की उघड्या जमिनीचा उठाव दिसू लागतो. या राज्याने अशी मोजणी १९९९ च्या फ्लॉइड चक्रीवादळानंतर पूरनकाशांसाठी हाती घेतली, पण तिचा उपयोग पुरातत्त्वालाही होतो. डोंगराच्या कुशीतून एकसारख्या मंद चढाने जाणारा सपाट पट्टा बहुधा लाकूड वाहणाऱ्या रेल्वेचा असतो.

हातभट्टीचा शोध मात्र फार अवघड. कंपनीमागे नकाशे आणि छायाचित्रे राहतात, तर १९०९ पासून दारूबंदी असलेल्या या राज्यात चोरून दारू गाळणाऱ्याला माग राहू द्यायचाच नव्हता. तरीही पाणी त्याला टाळता येत नव्हते, कारण मक्याच्या आंबवलेल्या रसायनाची वाफ तांब्याच्या वेटोळ्या नळीत थंड करण्यासाठी सतत वाहते गार पाणी लागे. त्यामुळे रस्त्यावरून न दिसणाऱ्या, झरा असलेल्या अरुंद घळी नकाशावर आधी वेगळ्या काढता येतात. एवढेसे दगडी चुलाण लायडारला सहसा दिसत नाही. ते पायी फिरूनच सापडते. जवळ पिंपांची लोखंडी कडी आणि कुऱ्हाडीने फोडलेला पत्रा मिळाला, तर तेथे धाड पडली असावी असे म्हणता येते. तांबे मौल्यवान असल्याने ते क्वचितच मागे उरते.

मग चुलाणाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्याची त्रिमितीय प्रतिकृती करतात. तीत मोजलेला दगड आणि कल्पनेने भरलेले छप्पर वेगळ्या रंगांत दाखवलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण पडद्यावर दोन्ही सारखीच खरी भासतात. प्रॉक्टरमध्ये आज एक जुने घर आणि लाकूड सुकवण्याच्या इमारतीचे भग्न अवशेष उभे आहेत. बाकी कोणत्या चौथऱ्यावर कोणाचे घर होते, हे विचारायचे ते पूर्वजांच्या कबरी सजवण्यासाठी आजही बोटीने जलाशय ओलांडून येणाऱ्या वंशजांना.