पेट्रोल पंपाची टिकटिक काय सांगते?

जुन्या मॉरिस मायनरची किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधीच बॉनेटखालून टिकटिक येते. आधी भराभर, मग सावकाश, मग बंद. हा एस.यू. कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. एमजी आणि जॅग्वार गाड्यांतही तो असे. मायनर आपल्याकडे 'बेबी हिंदुस्तान' नावाने विकली गेली. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा पंप मात्र इंजिनच्या कॅमशाफ्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालणारा, म्हणजे इंजिन फिरेपर्यंत पेट्रोल नाही.

विजेच्या पंपाबद्दलचा मोठा गैरसमज असा, की करंट पेट्रोल ढकलतो. करंट फक्त ओढतो. पंपात तारेची कॉईल असते आणि तिच्यासमोर डायफ्रामला (लवचिक पडद्याला) जोडलेला लोखंडी तुकडा. कॉईलमध्ये करंट आला की तुकडा खेचला जातो, डायफ्राम मागे सरतो आणि टाकीकडच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोल आत येते. ओढ पूर्ण झाली की डायफ्रामला जोडलेली दांडी एक छोटी यंत्रणा उलटवते. मधे न अडकता ती दिव्याच्या बटणासारखी खटकन पलीकडे पडते. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे धातूचे संपर्क, उघडतात आणि करंट तुटतो. आता स्प्रिंग डायफ्रामला पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. डायफ्राम पुढच्या टोकाला पोचला की पॉइंट पुन्हा जुळतात.

थोडक्यात, पेट्रोलचा दाब बॅटरी ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. मॉडेलप्रमाणे तो चौरस इंचाला साधारण दीड ते पावणेचार पौंड असतो. कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) भरले की तिच्या तोंडावरचा नीडल व्हॉल्व्ह बंद होतो, स्प्रिंगला पेट्रोल पुढे सरकवता येत नाही, डायफ्राम मागेच थांबतो. पॉइंट तेव्हा उघडे असतात, म्हणून करंटही शून्य. कसलाही सेन्सर नसताना पंप स्वतःहून थांबतो, आणि असा तासन् तास थांबला तरी त्याचे काही बिघडत नाही.

उलट बाजू धोक्याची. टाकीकडची नळी किंवा पंपाची जाळी तुंबली, तर डायफ्रामला पूर्ण मागे येता येत नाही. पॉइंट जुळलेलेच राहतात, करंट वाहत राहतो, कॉईल तापते आणि शेवटी जळते. पंप हळू चालतोय आणि हाताला गरम लागतोय, तर नवा पंप घेण्याआधी टाकीचे झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर टाकीचे हवेचे भोक बंद आहे.

बाकी निदानही कानानेच होते. भराभर टिकटिक पण पेट्रोल नाही: पंप हवा घेतोय, म्हणजे टाकी रिकामी किंवा टाकीकडचा जोड सैल. इंजिन बंद, किल्ली चालू, तरी टिकटिक थांबत नाही: नीडल व्हॉल्व्ह गळतोय (कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडताना दिसेल) किंवा पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. अर्ध्या मिनिटातून एखादी टिक चालते. अजिबात आवाज नाही, पण पंपावर हलकी थाप मारली की चालू: पॉइंट खराब. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होते. पॉइंट स्पिरिटमध्ये बुडवलेल्या जाड कागदाच्या पट्टीने पुसावेत. खड्डे पडले असतील तर बदलणेच बरे. पॉइंट उघडताना कॉईलमुळे ठिणगी पडते आणि तीच त्यांना खाते, म्हणून ती शमवणारा कंडेन्सर किंवा डायोड तपासावा. आणि हे सगळे उघडण्याआधी अर्थची तार बघा. पंपाच्या अंगाला लागलेला गंज बऱ्याच तक्रारींचे मूळ असतो.

डायफ्राम बदलताना अचूकता लागते. डायफ्राम आत फिरवत न्यायचा, यंत्रणा उलटेनाशी झाली की सावकाश मागे फिरवायचा. ती जेमतेम उलटू लागली की जवळच्या स्क्रूच्या भोकापर्यंत यायचे आणि तिथून आणखी चार भोके, म्हणजे दोन तृतीयांश फेरा, मागे घ्यायचा. तुकड्याभोवतीचे 11 पितळी रोलर या वेळी निसटतात. खाली कापड अंथरून काम करावे. हल्ली 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा इथेनॉलला टिकणाराच डायफ्राम घ्यावा.

पंप बसवल्यावर पुढची नळी बाटलीत सोडून मोजा: मायनरच्या पंपाने मिनिटाला अर्धा लिटरच्या वर पेट्रोल द्यायला हवे. तासाला पाच लिटर पिणाऱ्या गाडीला मिनिटाला जेमतेम 80 मिलीलिटर लागते, म्हणजे पंपाकडे भरपूर शिल्लक असते. ही मोजणी उघड्यावर, ठिणगी आणि गरम इंजिनपासून दूर करावी.

एस.यू.च्या जागी बाजारातला इलेक्ट्रॉनिक पंप लावायचा तर दाब वाचून घ्या. चार ते सात पौंडांचे पंप सर्रास मिळतात. एवढ्या दाबाने नीडल व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते; पॉइंटवाला पंप डायोड नसेल तर दोन्हीकडून चालतो, इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला तर बाद होतो. अपघातात इंजिन बंद पडले तरी किल्ली चालू असेतो फुटक्या नळीतून पेट्रोल येतच राहते. म्हणून पंपाच्या तारेत धक्क्याने करंट तोडणारा इनर्शिया स्विच हवाच.