240 दिवस भरले की आपोआप पर्मनंट?

कारखान्याच्या गेटवर नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात, "240 दिवस भर, मग तुला कोणी काढू शकत नाही." हा समज चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून माणसं हातातले खरे हक्क गमावतात.

हा आकडा मूळचा औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 25-बी मधला; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं, की एक वर्षाची सलग सेवा धरतात. तेवढ्याने नोकरी कायम होत नाही. मात्र कामगार कपात करताना मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. गैरसमजाचं मूळ बहुधा महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत आहे. तिथे 240 दिवस भरलेल्या बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती, पण ती सरसकट सगळ्यांना लागू नव्हती. सरकारी नोकरीत तर उमादेवी खटल्यात (2006) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की नुसत्या दीर्घ सेवेने कायमपणाचा हक्क मिळत नाही.

मोजताना पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि 240 दिवस भरल्याचा पुरावा आधी कामगारालाच द्यावा लागतो. म्हणून पगाराची स्लिप, गेटपास, पीएफचं पासबुक, हजेरीचा मोबाइलवर काढलेला फोटो, सगळं पहिल्या दिवसापासून जपा.