पिस्तुलावरचा कंपेन्सेटर : जुन्या वादाची पार्श्वभूमी

रोजच्या वापराच्या ९ मिमी पिस्तुलाला कंपेन्सेटर लावून फायदा होतो का, हा वाद गेल्या काही वर्षांत पुन्हा पेटला आहे. मात्र ज्या मुद्द्यावर तो सुटतो, तो १९८० च्या दशकातच मैदानावर सिद्ध झाला होता. कंपेन्सेटर म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारा खाचांचा तुकडा; गोळीमागचा वायू वर सोडून तो झटक्याने उसळणारं तोंड खाली दाबतो. म्हणजे तो वायूवर चालतो. नळीच्या तोंडाशी पुरेशा दाबाचा, पुरेसा वायू पोहोचला नाही, तर पुढे लावलेला तो तुकडा म्हणजे निव्वळ वजन.

कल्पना जुनीच. कट्स कंपेन्सेटर १९२० च्या दशकातला, थॉम्पसन सबमशीनगनच्या १९२८ च्या मॉडेलमुळे सर्वांच्या ओळखीचा झाला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, .३८ सुपर हे काडतूस बाजारात आलं. पिस्तुलात या दोघांची गाठ पडायला मात्र पन्नासेक वर्षं जावी लागली. मधल्या काळात ऑलिंपिकच्या रॅपिड फायर पिस्तुलांच्या नळीला वरून भोकं पाडून .२२ शॉर्ट या छोट्या काडतुसाचा आधीच मवाळ असलेला झटका आणखी कमी केला जात होता. १९७० च्या दशकात मॅग्नम रिव्हॉल्वरच्या नळीत स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) खाचा कोरून देण्याचा धंदा अमेरिकेत उभा राहिला. या दोन्ही प्रकारांत वायू गोळी बाहेर पडण्याआधीच सुटतो, म्हणजे थोडा वेग हातचा जातो. नळीच्या पुढे बसवलेल्या कंपेन्सेटरमध्ये हे नुकसान होत नाही. त्याची किंमत लांबी आणि वजनाच्या रूपात चुकवावी लागते.

खरा इतिहास सुरू होतो तो प्रॅक्टिकल शूटिंगपासून, म्हणजे वेग, अचूकता आणि काडतुसाचा जोर तिन्ही मोजणाऱ्या नेमबाजीपासून. या खेळाचं आंतरराष्ट्रीय संघटन १९७६ मध्ये झालं. त्याच सुमारास बोलिंगच्या पिना टेबलावरून उडवण्याच्या स्पर्धाही अमेरिकेत रंगू लागल्या होत्या. दोन्हीकडे .४५ काडतुसाच्या पिस्तुलांचं राज्य, आणि पहिले कंपेन्सेटर आले तेही .४५ च्याच जड नळ्यांवर. झटका कमी वाटायचा, पण त्यात धातूच्या वजनाचा वाटा मोठा होता. .४५ चा कमाल दाब २१,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). २३० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) गोळीमागे जेमतेम पाच ग्रेन जलद जळणारी दारू. गोळी तोंडाशी येईपर्यंत ती जळून संपलेली असते आणि दाब उतरलेला असतो. कंपेन्सेटरच्या झडपेवर, म्हणजे वायू अडवून वर वळवणाऱ्या आतल्या भिंतीवर, आदळायला उरतंच काय?

नंतर कुणीतरी पॉवर फॅक्टरचं, म्हणजे काडतुसाचा जोर मोजणाऱ्या आकड्याचं, गणित उलटं मांडलं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोघांचा गुणाकार भागिले १,०००. जास्त गुण देणाऱ्या 'मेजर' वर्गासाठी तेव्हा १७५ लागत. २३० ग्रेनची .४५ ची गोळी ८०० च्या वेगाने गेली की १८४ होतात. पण .३८ सुपरमधून ११५ ग्रेनची हलकी गोळी १,५३० ने सोडली तरी १७५ भरतात, आणि तो वेग गाठायला हळू जळणारी दारू .४५ च्या दुपटीच्या आसपास भरावी लागते. गुण तेवढेच, वायू कितीतरी जास्त. तोच कंपेन्सेटर आता तोंड जागच्या जागी दाबून धरू लागला.

याची झळही बसली. कारखान्यातल्या काडतुसांच्या वेगाच्या पलीकडचा हा मामला. १९११ या नावाच्या पिस्तुलाच्या जुन्या धाटणीच्या नळीत फीड रॅम्पपाशी, म्हणजे काडतूस नळीत चढवणाऱ्या उतारापाशी, केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बुडाला आधार नसतो. तिथेच पितळ फाटायचं आणि वायू मॅगझिनच्या वाटेने खाली यायचा. त्यातून पूर्ण आधार देणाऱ्या, रॅम्प नळीलाच जोडलेल्या बॅरल रूढ झाल्या. .३८ सुपरचा अर्धा रिम (बुडाची किंचित बाहेर आलेली कड) दुहेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये अडकतो म्हणून रिम काढलेली भावंडं आली. ९×१९ ला तर दाबाच्या भीतीने काही काळ मेजर धरतच नव्हते.

आता तो निर्णय, ज्यावरून अजूनही दोन तट आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपेन्सेटर आणि रेड डॉट (काचेतल्या लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) एकाच पिस्तुलावर आले आणि साध्या पिस्तुलाला जिंकायची आशाच उरली नाही. नियम करणाऱ्यांनी गट पाडले: कंपेन्सेटर, खाचा, ऑप्टिक हे सगळं 'ओपन'मध्ये, बाकीच्यांसाठी वेगळी रांग. खेळ जगवायला हे करणं भागच होतं, यात शंका नाही. ज्याला हजारो गोळ्या स्वतः भरून खास नळी बनवून घेणं परवडत नाही, त्याला जागा मिळाली. पण ओळ आखली गेली ती सुट्या भागावर, काडतुसावर नाही. फॅक्टरीच्या ९ मिमीवर बसवलेला एका खाचेचा छोटा कंपेन्सेटर आणि मेजर भरलेल्या .३८ सुपरवरचा चार खाचांचा कंपेन्सेटर नियमाच्या नजरेत एकच ठरले, वास्तविक कामात त्यांच्यात फार मोठं अंतर असताना. ज्याला छोटा हवा होता त्याला थेट मोठ्यांच्या आखाड्यात उतरावं लागे, म्हणून तो कुणी लावलाच नाही. मध्यम दाबावर कितपत फायदा होतो, याचा स्पर्धेतला अनुभव त्यामुळे वीसेक वर्षं साठलाच नाही. ओपनचा मेजर उंबरठा पुढे खाली आला, आंतरराष्ट्रीय नियमांत १६० आणि अमेरिकेत १६५, पण ओळ तिथेच राहिली. आजच्या चर्चेत एक बाजू 'रेस गनचं (फक्त स्पर्धेसाठी घडवलेल्या पिस्तुलाचं) सोंग' म्हणते आणि दुसरी 'जादू' म्हणते, त्याचं मूळ या पोकळीत आहे.

१९९४ ते २००४ या काळात अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, सुटं मॅगझिन असलेलं सेमी-ऑटो पिस्तूल बंदीत येतं का हे ठरवताना आटे पाडलेली नळी (जिच्यावर सुटा कंपेन्सेटर फिरवून बसतो) हा मोजला जाणारा एक गुणधर्म होता. साहजिकच कारखान्यांचा कल नळी आणि स्लाइडमध्येच (नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागातच) खाचा कोरण्याकडे राहिला. रात्रीच्या झोताच्या आणि पुढच्या साइटवर (नेम धरायच्या खुणेवर) बसणाऱ्या काजळीच्या तक्रारींनी त्या मॉडेलांची हौस लवकरच फिटली.

चित्र बदललं ते स्लाइडवरच्या छोट्या रेड डॉटमुळे. लोखंडी साइटने न जाणवणारी तोंडाची उसळी काचेत ठिपका नाहीसा होताना लख्ख दिसते. सोबत ९ मिमी सर्वत्र झालं: कमाल दाब ३५,००० पीएसआय, +पी या जादा दाबाच्या काडतुसांत ३८,५००. म्हणजे .३८ सुपरच्या ३६,५०० च्या आजूबाजूलाच. दाब आहे, दारू मात्र पाच-सहा ग्रेनच, म्हणून परिणाम खरा पण बेताचा. कमी दाबाच्या .३८० काडतुसाच्या पिस्तुलावर (२१,५०० पीएसआय) खर्च करण्यात अर्थ नाही; .३५७ सिगवर (४०,०००) फरक पहिल्याच मॅगझिनला कळतो.

अलीकडची शक्कल म्हणजे स्लाइडच्याच पुढच्या टोकात कोरलेला कंपेन्सेटर. नळी आखूड, ३.१ इंचांची, आणि पुढची जागा वायूला वर सोडायला. नळीवर जादा वजन लटकत नाही, आटेही लागत नाहीत. वेग थोडा घटतो, आणि पुन्हा तोच पेच: हा सुटा भाग की स्लाइडचा आकार?

सुटा कंपेन्सेटर बसवणाऱ्यांच्या अडचणी मात्र ओपनवाल्यांनी आधीच भोगलेल्या आहेत. नळीवर वजन वाढलं की ती स्लाइडपासून उशिरा सुटते (अनलॉक होते), स्लाइड सुस्त मागे येते आणि सरावाच्या मवाळ गोळ्यांवर रिकामी केस खिडकीत उभी अडकते. मग १७-१८ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) उतरवून १५ किंवा १३ ची घालावी लागते, आणि कडक गोळ्यांना ती कमी पडते. म्हणून आधी गोळी ठरवायची, मग स्प्रिंग. तिरका बसलेला किंवा आटे सैल झालेला कंपेन्सेटर गोळीला घासतो. पहिली खूण म्हणजे बाहेरच्या भोकाच्या एका बाजूला दिसणारी तांब्याची रेघ. उघड्या शिशाच्या गोळ्यांनी झडपेवर थर चढतो तो वेगळाच. आणि पिस्तूल छातीशी धरून झाडायची वेळ आली, तर वर सुटणारा वायू थेट चेहऱ्याकडे येतो.